एका बाईला आठ रिक्षा

सगळ्यात आधी काय खटकलं, सांगू? वीर स्टेशनात उतरलेली बाई एकच, आणि माझ्या मोबाईलवर तिच्यासाठी 'निघालो' म्हणणारे रिक्षावाले तीन.

घोटाळा कुणाचा? माझाच, दुसऱ्या कुणाचा असणार.

रिक्षा संघटनेचे सदाकाका वहीत नंबर लावायचे. मी म्हटलं, काका, मेसेजची रांग करू. प्रवाशाचा मेसेज येईल, ज्याचा नंबर त्याला जाईल.

"आन तुजा सर्व्हर बसला तर?"

म्हणून एकाऐवजी तीन केले. महाडला, पोलादपूरला आणि नाते गावात आमच्या घराच्या माळ्यावर. तिघांकडे तीच रांग. एक बसला तर बाकीचे दोघे सांभाळतील. काका म्हणाले, "आजचा दिस बगतो. गोंधळ झाला तर उद्यापासनं वही."

यात एक नियम असतो. ज्या सर्व्हरचा बाकीच्यांशी संपर्क तुटेल, त्याने गप्प बसायचं. पण मला धसका, तिघेही गप्प बसले तर? मी तो नियमच काढून टाकला.

दुपारी तिघांचा आपसातला संपर्क तुटला आणि तिघांकडच्या रांगा वेगवेगळ्या पुढे सरकल्या. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे गेले, आता सगळा भार आपल्यावर. तिघांनीही बाईंसाठी एकेक वेगळी रिक्षा धाडली.

बरं, प्रवासी बसल्याचं दहा मिनिटांत कळलं नाही, तर पुढच्या रिक्षावाल्याला मेसेज जायचा. हे डोकंही माझंच. तिकडे तिघे रिक्षावाले 'नंबर माझा' म्हणून भांडत होते, बाई बसणार कुठे? तिनाच्या सहा झाल्या.

मी घाबरून माळ्यावर धावले, तिथल्या सर्व्हरची वायर उपटली. मग बाकीच्या दोघांनी सांभाळलं, दहा मिनिटांनी आणखी एकेक धाडली. मी बनवलंच तसं होतं ना. आठ.

एकेका रिक्षावाल्याला फोन लावला. रिंग जाते, कुणी उचलेना. काकांना सातव्यांदा लावला, तेव्हा कुठे उचलला.

"काका, बाई बसल्या का हो?"

"बसती कुटं? 'तुमी भांडा' म्हनाली नि चालत गेली हायवेला."

"मी येते तिकडे. सगळ्यांची माफी मागते. पण काका, इथे एक रिक्षा मिळत नाहीये."

"मिळंल कशी गो? समद्या हितं उभ्या हायत." काकांच्या मागे कुणीतरी इंजिन सुरू केलं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. "तू घरीच थांब. तुला न्यायला निगालेत. आठच्या आठ."