धुतलेले हात

कॅमेऱ्याची जुनी बॅग उघडली की अजून कांद्याचा वास येतो. झूम लेन्स घ्यावी की साधी पन्नास एमएमची, यावर नाशिकच्या दुकानदाराचं महिनाभर डोकं खाऊन शेवटी मी पन्नासची घेतली आणि येवल्याजवळ कांदे साठवायच्या एका चाळीवर गेलो. ऑनलाइन विकायच्या फोटोत चेहरा ओळखू आला तर लेखी परवानगी लागते, म्हणून फक्त हातच टिपायचे, असं ठरवलं होतं. साडीवर नवऱ्याचा शर्ट घातलेल्या एक मावशी कांदे निवडत होत्या. बोटं मातीनं भरलेली, त्यांना लालसर सालं चिकटलेली, चाळीच्या फटींतून ऊन येत होतं. मी पटकन एक फोटो काढला. "काय काढतो रे?" त्यांनी विचारलं. "तुमचे हात, मावशी." "मंग आधी सांगायचं ना!" म्हणत त्या उठल्या, नळावर हात खसाखसा धुऊन आल्या, बाह्या दुमडून बांगड्या सारख्या केल्या आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मी त्यांचाही फोटो काढला. स्क्रीनवर पाहून म्हणाल्या, "हां, हे माझे हात." निघताना त्यांनीच बॅगेत चार कांदे टाकले. मातीच्या हातांचा फोटो अजून विकला जातो. खाली मी 'शेतमजुराचे हात' असं लिहिलंय. धुतलेल्या हातांचा मात्र साइटवर चढवलाच नाही. तिथं प्रत्येक फोटोखाली गिऱ्हाईक शोधेल असं काहीतरी लिहावं लागतं, आणि मला 'मावशींचे हात' एवढंच सुचत होतं.