सासूबाईंच्या वाफ्यातली अंबाडी

लतिका मूळची हिंगोलीची. एर्लांगेनमध्ये दातांच्या एका लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. लग्नाला वीस वर्षं झाली तरी सासूशी तिचं नातं केकच्या बशीपलीकडे गेलं नव्हतं. भांडण कधीच नाही. रविवारी नवऱ्याबरोबर, क्लाउसबरोबर, सासरी कॉफीला जायचं, प्लमचा केक खायचा, हवेबद्दल बोलायचं आणि सायकलवरून घरी यायचं.

२०१५ मध्ये सासरे गेले. गावाबाहेर रेल्वेरुळांलगत त्यांची क्लाइनगार्टन होती, म्हणजे बागायतदारांच्या संस्थेकडून भाड्यानं घेतलेला जमिनीचा एक तुकडा, त्यात लाकडी खोपटं आणि सफरचंदाचं झाड. सासूबाईंचे, हानेलोरेबाईंचे, गुडघे दुखायचे. क्लाउसला परागांची अ‍ॅलर्जी, तो फाटकापाशीच शिंकायला लागायचा. बाग परत करून टाकू, असं सगळे म्हणत होते. तेव्हा लतिका म्हणाली, "मी बघते."

"तुला येतं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि सांगत जा."

जर्मन घरात सासूला सरळ 'डू', म्हणजे 'तू', म्हणतात. लतिकाही म्हणायची, पण मनातल्या मनात तिचं 'अहो'च असायचं.

पहिल्या वर्षी बटाटे झाले, मुळे झाले. दुसऱ्या वर्षी लतिकानं आपलं खरं काम काढलं. हिंगोलीहून परतताना वहिनीनं तिला रुमालात बांधून अंबाडीचं बी दिलं होतं. एर्लांगेनच्या इंडियन दुकानात ज्वारीचं पीठ मिळायचं, अंबाडीचं लोणचं बाटलीत मिळायचं, पण ताजी पालेभाजी कुठून मिळणार? तिनं खिडकीत कुंड्यांमध्ये रोपं केली आणि मे महिन्यातली शेवटची थंडी सरल्यावर वाफ्यात लावली.

रोपं रुसून बसली. हातभर उंच, पिवळट.

"उपाशी आहेत," खुर्चीतून निदान झालं. "दुकानातलं खत आणू नकोस. ब्रेनेसेल काप."

ब्रेनेसेल म्हणजे कुंपणालगत माजलेलं, हात लागला की अंगाला खाज सुटणारं तण. लतिकानं हातमोजे घालून ते कापलं, पिंपात कोंबलं, वर पावसाचं साठवलेलं पाणी ओतलं. सासूबाई रोज काठीनं ढवळायच्या. दोन आठवड्यांत त्याला असा वास सुटला की पलीकडच्या बागेतले लोक जेवणाचं टेबल उचलून खोपटात घेऊन गेले.

"कधी तयार होणार हे?" नाकाला ओढणी लावून लतिकानं विचारलं.

"फेस थांबला की. मग दहा भाग पाणी घालायचं आणि मुळाशी द्यायचं. पानांवर नाही."

लतिकाही मागे राहिली नाही. लॅबच्या कॉफी मशीनमधला चोथा ती डब्यात भरून आणायला लागली. घोड्यांच्या तबेल्यावरून सायकलच्या ट्रेलरमध्ये जुनी, मुरलेली लीद आणली. लहानपणी आजोबा शेणखत हातात घेऊन कुस्करायचे, तशी तिनं ती कुस्करून पाहिली. माती होती नुसती, भुसभुशीत, गार. तिला एकदम बरं वाटलं.

जुलैत अंबाडी सुटली. कमरेला आली, खांद्याला आली, ऑगस्टमध्ये लतिकाच्या डोक्यावर गेली. खालची पानं बदामाच्या आकाराची, आणि वरची पाच बोटांची, करवतकाठी, अगदी गांजासारखी. लतिकाच्या हे कधी मनातही आलं नव्हतं. हिंगोलीत अंबाडीकडे बघून कुणाला गांजा आठवत नाही.

संस्थेचे अध्यक्ष हेर त्साइटलर, म्हणजे त्साइटलरसाहेब, यांना मात्र तो आठवला. एका शनिवारी ते फाटकाशी उभे, आणि शेजारी पोलीस खात्यातली एक तरुण बाई.

"हे काय लावलंय?" पोलीसबाईनं नम्रपणे विचारलं.

"भाजी," लतिका म्हणाली. "अंबाडी. डाळ घालून करतात."

"जर्मन नाव?"

लतिकाला माहीत नव्हतं. तिनं फोनवर शोधलं आणि चेहरा पडला. पोलीसबाईनं वाकून मोठ्यानं वाचलं, "हिबिस्कस कॅनाबिनस." मग खाली, "डेक्कन-हान्फ." हान्फ म्हणजे भांगेचंच झाड.

"बघा!" हेर त्साइटलर म्हणाले.

"अहो, नुसतं नाव आहे ते! ही जास्वंदीच्या कुळातली आहे. फूल आलं की कळेल."

"फूल कधी येतं?"

"आमच्याकडे... दिवस लहान झाले की." इथं तोवर थंडी पडणार, हे तिच्या बोलता बोलताच लक्षात आलं. तिनं एक पान तोडून तोंडात टाकलं. "आंबट आहे. खाऊन बघा."

"नको, मी ड्यूटीवर आहे," पोलीसबाई म्हणाली. "बाग कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या!" खुर्चीतून आवाज आला. काठी टेकत हानेलोरेबाई उभ्या राहिल्या. डोळे चमकत होते. "खतही माझंच आहे. मला घेऊन चला."

"आजी, कुणी कुणाला नेत नाहीये." पोलीसबाईनं हसू दाबत एक फांदी पिशवीत घातली. "तपासून कळवते."

लतिकाला त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. मुलगी सिया ड्रेस्डेनला शिकत होती. तिला फोनवर मराठीत सगळं सांगितलं तर ती जर्मनमध्ये खदखदून हसली, "ओमा तर गँगस्टर झाली!" ओमांना, म्हणजे आजीला, ते फार आवडलं. आयुष्यभर त्यांनी चर्चची भांडी घासली होती, वेळेवर कर भरले होते, आणि आता बेकरीत लोक वळून बघत होते. एका म्हाताऱ्यानं तर हळूच विचारलं, सांध्यांसाठी थोडं मिळेल का? "अंबाडीची एक जुडी देईन," त्या म्हणाल्या.

पोलीसबाईचा फोन आला. गांजाबिंजा काही नाही, निव्वळ भाजी. हेर त्साइटलर स्वतः सांगायला आले, कानापर्यंत लाल झालेले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "खरं सांगू? मला त्या पिंपाच्या वासाचा राग होता."

"मग तसं सांगायचं," सासूबाई म्हणाल्या. "झाकण घातलं असतं."

"आज जेवून जा," लतिका म्हणाली.

खोपटातल्या शेगडीवर तिनं अंबाडी शिजवली, पाणी पिळून काढलं, तूरडाळ आणि कण्या घालून घोटली, वर लसणाची खमंग फोडणी ओतली. त्साइटलरनी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि पाण्याचा पेला मागितला. सासूबाईंनी मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतली.

"केकपेक्षा बरं आहे हे," त्या म्हणाल्या.

"तुमचा केक मला कधीच आवडला नाही," लतिकाच्या तोंडून निघून गेलं.

सासूबाईंचा चमचा थांबला. मग त्या इतक्या हसल्या की काठी खाली पडली. "मलाही नाही! क्लाउसच्या वडिलांना आवडायचा म्हणून करत होते."

पुढच्या रविवारी लतिकानं भाकऱ्या थापल्या आणि हानेलोरेबाई ओट्याशी स्टुलावर बसून लसूण सोलत राहिल्या. क्लाउसनं विचारलं, कॉफी कधी? हानेलोरेबाईंनी त्याच्यापुढे लसणाचा एक गड्डा सरकवला.