व्याह्यांनी पास केलेली बंदूक

आमच्या व्याह्यांच्या पसंतीला पूर्ण उतरेल अशी वस्तू या पृथ्वीवर अजून तयार व्हायची आहे, आणि हे मी विहीण म्हणून नाही, साक्षीदार म्हणून सांगते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हा माणूस तीस वर्षं तयार माल तपासायला बसला होता. समोरून सुटे भाग यायचे, हे मापायचे, आणि केसाएवढा फरक निघाला की तो भाग भंगारात जायचा. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि मोकळं केलं; तपासणी मात्र त्यांच्याबरोबर घरी आली. बाकीच्यांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर असतो. भाजीवाल्याकडं कोथिंबिरीच्या जुडीचा दोरा सोडवून काडी न् काडी बघतात. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा पानावर बसण्याआधी त्यांनी फरशीवर एक गोटी सोडली आणि ती कपाटाखाली गेलेली पाहून म्हणाले, "उतार उलटा दिलाय. बांधणाऱ्याला बोलवा." लग्नात तर मुहूर्ताला दहा मिनिटं राहिली असताना नवरदेवाचा हा बाप मांडवाच्या खांबांचे नट पान्यानं हलवून बघत होता. मी अक्षता मुठीत घेऊन समोर उभी. तर म्हणाले, "मुहूर्त गेला तर दुसरा काढता येतो, विहीणबाई. मांडव पडला तर माणसं कुठून आणायची?" चार नट खरोखरच ढिले निघाले. माझ्या संतापाचं मूळ इथंच आहे. नुसती खुसपटं काढणारा माणूस असता तर मी त्याला विक्षिप्त म्हणून सोडून दिलं असतं, पण हे दर वेळी बरोबर निघतात.

मी काही सोसणाऱ्यातली बाई नाही. मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं खेळाची शिक्षिका होते. शिट्टी न वाजवता, नुसत्या आवाजानं मैदानाच्या त्या टोकाची मुलगी जागच्या जागी थांबवायची असा माझा लौकिक होता. पण व्याही समोर आले की तोंडाला कुलूप. मुलगी ज्या घरात दिली त्या घरच्यांशी आवाज चढवायचा नाही, हे मला आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं, आणि मी चुकून विसरले तर आठवण करून द्यायला आमचे हे आहेतच. "व्याही हायेत ते. पोरगी त्यांच्या घरात ऱ्हाती. जरा दमानं घे." मुलीच्या लग्नाला सहा वर्षं झाली आणि सहा वर्षं मी हेच वाक्य ऐकते आहे. तिकडं व्याही जेवायला बसले की सुनेनं केलेली पोळी आधी उजेडाकडं धरून बघतात, कडेला जाड तर नाही ना म्हणून. मुलगी हे मला फोनवर हसत हसत सांगते. मी हसत नाही. मी फोन ठेवते आणि कुणाला तरी काहीतरी फेकून मारावंसं वाटत घरभर फिरते.

त्यावर मला औषध सापडलं ते हर्सूलच्या पलीकडच्या माळावर. तिथं दर रविवारी एका यंत्रातून मातीची तबकडी सुसाट आकाशात सुटते आणि खाली येण्याआधी बंदुकीनं तिचे तुकडे करायचे, एवढाच तो खेळ. कॉलेजात एनसीसीमध्ये मी रायफल चालवली होती, तो हात अजून जिवंत होता. दर तबकडीला मनातल्या मनात एक नाव द्यायचं आणि चाप ओढायचा. नाव बहुतेक एकच असायचं. अडचण एवढीच होती, की मी डावरी. माझी बंदूक डाव्या खांद्याला लागते, आणि तिथली उसनी बंदूक उजव्या माणसासाठी घडवलेली. खांद्याला टेकवायचं जे लाकूड असतं, तो दस्ता, त्याला उजवीकडं बारीकसा बाक असतो. उजव्या माणसाला तो सोयीचा. माझ्या मात्र दर गोळीला गालफडावर बसायचा. सोमवारी भाजीवाली विचारायची, दाढ दुखते का म्हणून. म्हणून मी स्वतःची बंदूक घ्यायचं ठरवलं. एकावर एक दोन नळ्यांची, बारा बोअरची, आयुष्यातली पहिली. पोलीस चौकशी झाली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून झालं, आणि हेलपाटे घालून घालून एकदाचा परवाना हातात पडला. पण परवान्यावर बंदूक घेण्याची मुदत असते. ती टळली की पुन्हा अर्जापासून सुरुवात. माझं वय साठ, आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलेला. पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभं राहण्याइतका वेळ माझ्या डोळ्याकडं नव्हता.

आणि आमच्या ह्यांनी कौतुकानं ही बातमी व्याह्यांना सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दारात हजर. "एकटीनं जायचं नाय, विहीणबाई. लोखंडाची वस्तू हाय. त्यातलं आपल्याला कळतं." मी तेव्हाच म्हणाले, "दादा, मला डाव्या हाताचा दस्ता लागेल." ते म्हणाले, "ते मागून बघू. आधी नळी." त्यांनी कुठून तरी कंपनीचं मापांचं पत्रक मिळवून त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. शहरातल्या बंदुकांच्या जुन्या दुकानात आयुष्य काढलेले म्हातारे मालक पहिली बंदूक घेऊन आले. व्याह्यांनी बंदूक मिटवून फटीत कागदाचा कपटा घातला. कपटा सरकला. "नाय चालायची." पंधरा दिवसांनी दुसरी आली. तिच्या नळ्या त्यांनी बोटाला टांगून टिचकी मारली, कान लावला, पुन्हा मारली, आणि म्हणाले, "आवाज बसका हाय. आत कुठंतरी सांधा सुटलाय." तिसरीच्या लाकडाचे दोरे, म्हणजे आतल्या रेघा, आडवे. चौथीचा चाप पत्रकापेक्षा जड. दर वेळी मालक दुसरीकडून बंदूक मागवायचे, दर वेळी मी नटूनथटून परवान्याची पिशवी घेऊन जायची, आणि दर वेळी रिकाम्या हातानं परत. पाचवीच्या वेळी मालकांनी मला बाजूला घेतलं. "आपा, तुमारे समधी बंदूक लेने आये क्या मुकदमा चलाने?" मी दात-ओठ खात हसले. घरी येऊन ह्यांच्यावर इतकी ओरडले, की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले.

मुदत संपायला चार दिवस राहिले आणि सहावी बंदूक आली. व्याही दुकानात सकाळी बसले ते दुपारचा चहा होईपर्यंत उठले नाहीत. पत्रकातल्या एकेका ओळीवर खूण होत गेली. शेवटी त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "पास." दुकानाचे मालक उठून उभे राहिले. मी या माणसाच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं होतं ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मी बंदूक खांद्याला लावली. दस्ता उजव्याच माणसाचा होता. तो माझ्या गालात तसाच रुतला. मला तेव्हाच कळलं, आणि तरी मी म्हणाले, "छान आहे, दादा." चार दिवस हातात होते, व्याही आनंदात होते, आणि माझ्या तोंडाला सहा वर्षांचं कुलूप होतं.

रविवारी हर्सूलला ते आमच्याबरोबर आले, इस्त्रीचा सदरा घालून. पंचवीस तबकड्यांची एक फेरी असते. मी पंचवीसच्या पंचवीस चुकवल्या. एकही फुटली नाही. गाल ठणकत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मागून आवाज आला, "बंदुकीत दोष नाय. तुमचं उभं ऱ्हाणं चुकतंय."

मग मी काय केलं ते सांगते. बंदूक उघडून नीट ठेवली, वळले, आणि शाळेतला तो सगळा आवाज बाहेर काढला. "दादा, तुम्ही नळी मापलीत, चाप मापला, लाकडाचे दोरे मोजले. ही बंदूक कुठल्या खांद्याला लागणार, हे विचारलंत? पहिल्या दिवशी मी सांगितलं होतं. तुम्ही पत्रक वाचत होतात. तीस वर्षं वस्तू बघितल्यात तुम्ही, माणसाकडं कधी बघितलंय? माझ्या पोरीची पोळी उजेडाला धरता. तिनं खाल्ली का, हे विचारलंय एकदा तरी?" माळावरचे सगळे लोक थांबले होते. आमचे हे जमिनीकडं बघत होते. व्याह्यांनी खिशातलं पत्रक काढून वरपासून खालपर्यंत वाचलं. मग हळूच म्हणाले, "कागदात डावं-उजवं दिलेलं नव्हतं. माल कागदाबरहुकूम होता." आणि गाडीत न बसता रस्त्याच्या दिशेनं चालायला लागले.

महिनाभर ते आमच्याकडं फिरकले नाहीत. मला वाटलं, संपलं, आता मुलीला भोगावं लागणार. एक दिवस आले. दारातच उभं राहून म्हणाले, "बंदूक कशी धरता, ते जरा उभं राहून दाखवता का?" मी रिकामी बंदूक घेऊन दिवाणखान्यात उभी राहिले. ते खुर्चीवर बसून बघत राहिले. माझा खांदा, गाल, मान, सगळं बघितलं, आणि माप काही काढलं नाही. मग जुन्या शहरातला एक कारागीर त्यांनी शोधून काढला, त्याच्याकडं माझ्याबरोबर तीन खेपा केल्या. त्यानं लाकूड गरम तेलानं शेकून बाक डावीकडं फिरवला. काम झालं, पण दस्त्यावर कानशीचा एक ओरखडा राहिला. व्याह्यांनी तो पाहिला. मी त्यांना पाहताना पाहिलं. त्यांनी बंदूक कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली.

पुढच्या रविवारी माझ्या नऊ तबकड्या फुटल्या. गालाला काही झालं नाही. मी मागं वळून बघितलं आणि वाट बघितली, की आता हा माणूस उरलेल्या सोळांचा हिशेब काढणार. ते म्हणाले, "लई झ्याक."

तेव्हापासून ते कशालाच नाव ठेवत नाहीत. मुलगी सांगते, पानात पडेल ते खातात, ताट उचलतात, "तू जेवलीस का?" विचारतात आणि खोलीत जाऊन बसतात. तिला घर कसंतरीच वाटतं. मला हवं होतं ते झालं आहे, सहा वर्षं मी यासाठीच जळत होते, आणि आता माझ्या जिवाला चैन नाही. परवा व्याही आणि त्यांची बायको आमच्याकडं आले होते. मी मुद्दाम व्याह्यांच्या एकट्याच्या चहात साखर घातली नाही, वर चिमूटभर मीठ टाकलं, आणि समोर बसून राहिले. त्यांनी एक घोट घेतला. माझ्याकडं पाहिलं. मग अख्खा कप शांतपणे संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "छान झालाय चहा, विहीणबाई." मी कपबशी उचलून आत गेले, आणि मला त्या माणसाचा इतका राग आला, की ओट्याशी उभी राहून मी रडले.