माझ्या दुकानातला तो चहा

जर्मनीतल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी मी सिटी सेंटरमधल्या एका क्लासमध्ये केली. नई सडकेवरच्या माझ्या छोट्या दुकानात लॅपटॉप दुरुस्त करता करता मी कोडिंग शिकलो होतो. मला आयतं कुणी काही दिलं नव्हतं. म्हणून फीसाठीही घासाघीस केली. सर म्हणाले, ‘‘भैया, आपकी प्रैक्टिस रिकॉर्ड करने दो, फीस आधी.’’ निम्मी फी म्हणताच मी लगेच हो म्हटलं. बरा कापला याला, असं वाटलं.

त्यांनी विचारलं, अवघड गिऱ्हाईक कसं सांभाळलं? मी खरं ते सांगितलं. डेटा उडाला म्हणून एकाने आईवरून शिवी दिली, मी कॉलर धरून त्याला रस्त्यावर काढला.

‘‘ये बोलोगे वहाँ? चाय पिलाओ उसको, चाय.’’

मग मी उत्तरात त्याला चहा पाजला. दौलतगंजच्या घरी रोज मोठ्याने, इंग्रजीत आणि जमत नसलं की मराठीत. ‘चहा मागवला’ म्हणायचं, क्षणभर थांबायचं, हलकं हसायचं. पलीकडे आई भाजी निवडत ऐकत असायची.

एका दुपारी क्लासच्या काचेआड एक अनोळखी मुलगा बोलताना दिसला. नई सडक, लॅपटॉप, चहा. मी थांबायचो तिथेच थांबला आणि माझ्यासारखाच हसला. मी सरांवर धावून गेलो.

‘‘रिकॉर्डिंग तो आपने ही दी है, भैया,’’ ते म्हणाले. तेही तसेच हसले.

मी दुसरं उत्तर तयार करायला बसलो, पण तोंड उघडलं की चहाच यायचा. मुलाखतीतही तोच आला. स्क्रीनवरच्या बाईंनी माझं वाक्य माझ्याच शब्दांत पूर्ण केलं. मध्ये थांबल्यासुद्धा.

‘‘हे आम्ही आज सकाळीच ऐकलं,’’ त्या इंग्रजीत म्हणाल्या.

‘‘दुकान माझं आहे!’’ मी मराठीत ओरडलो. त्यांनी मान हलवली, आभार मानले. संध्याकाळी नकार आला.

मी तणतणत स्वयंपाकघरात गेलो. ‘‘माझं आयुष्य विकलं त्या चोराने! आणि तेही खोटं करून. चहा कुठला, आई? मी त्या गिऱ्हाइकाला हाकललं होतं!’’

आईने चकित होऊन वर पाहिलं. ‘‘असं काय करतोस? मीच तर पाठवला होता थर्मासमधून. वेलची घालून. बिचारा किती घाबरला होता, तूच तर घरी येऊन सांगितलंस.’’

मला तिच्याशी भांडायचं होतं. मी तोंड उघडलं, क्षणभर थांबलो आणि हलकं हसलो.