बसल्या हाताची उंची

खिट्टी वर ओढली. शॉवरमधून पाणी आलं. मी मनात सातपर्यंत मोजलं आणि टक् करून खिट्टी खाली पडली. शॉवर बंद, पाणी पुन्हा तोटीतून टबात.

“परत कर,” दारातून हिरामावशी म्हणाली.

परत केलं. परत टक्.

गोष्ट एकाहत्तर-बाहत्तर सालची. मी अंधेरीला एका कंत्राटदाराकडे प्लंबर होतो. हिरामावशी वेसाव्याची कोळीण. मुलगा बोटीवर नोकरीला. त्याने भाड्याने घेतलेल्या बैठ्या घरात आधीच्या लोकांचा बाथटब होता. सून कुसुमवहिनी त्यात पाणी साठवायची. नळाला पाणी सकाळीच यायचं आणि छपरावरची टाकी लहान, त्यामुळे टब म्हणजे आमच्याकडे दुसरी टाकीच! पण सहा महिन्यांपूर्वी लकवा येऊन मावशीचा उजवा हात गेला. तांब्या उचलवेना. सून आंघोळ घालायची आणि मावशी डोळे मिटून बसायची.

“पन्नास वर्सं डोक्यावर पाटी, पाटीतना पानी गळायचा,” ती मला म्हणाली. “आता डोक्यावर पानी घ्यायला पन सून. मना कोनी नको रे. मी एकली बसन.”

म्हणून शॉवर. पण मग टब रिकामा ठेवायचा, म्हणजे त्याच नळावर बादल्याही भरायच्या होत्या. पाणी कधी तोटीला, कधी शॉवरला वळवतो त्याला डायव्हर्टर म्हणतात. तो दोन तऱ्हेचा. एक तोटीवरच्या खिट्टीचा: जुनी तोटी काढा, नवी फिरवा, दहा मिनिटांत काम. पण ती खिट्टी पाण्याच्या जोरावर वर टिकते. इथे टाकी छपरावर, डोक्याच्या जेमतेम वर. जोर कुठून येणार? दुसरा भिंतीतला: मूठ फिरवली की तिथेच राहते. पण त्यासाठी भिंत फोडावी लागते.

कंत्राटदार शेठ आला, वैतागला. “अरे, खिट्टीचाच राहू दे आणि मोकळा हो ना यार! कोण बघतंय?”

“शेठ, तिला एकच हात आहे. खिट्टी धरील की अंग चोळील?”

“तुझी मावशी लागते का ती?”

“आता लागते.”

शेठ पुटपुटत गेला. मी टाइल्स फोडल्या, पाइप घातला, सिमेंट भरलं. चार दिवस सुकू दिलं. काम झकास झालं होतं, खोटं कशाला बोलू? दुपारचं ऊन झरोक्यातून टबातल्या थोड्या पाण्यावर उतरलं होतं, त्याची झिलमिल छतावर हलत होती. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, दूर कुठेतरी समुद्र. मी त्या उजेडाकडे बघत उभा राहिलो. क्षणभर वाटलं, आपण पाण्याखालीच आहोत.

मावशी कपड्यांसकट टबात उतरली, ठेवलेल्या स्टुलावर बसली. ओल्या टबात उभं राहायची तिची छाती नव्हती. खालचा नळ तिने सहज उघडला. मग डावा हात डायव्हर्टरकडे नेला. बोटं मुठीखाली वीतभर हवेतच थांबली.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तू माप उभ्यानी घेतलास ना रे?”

लाज वाटली मला. एवढा शहाणपणा शेठला शिकवला आणि उंची धरली ती माझ्या छातीची! ज्या बाईसाठी भिंत फोडली, तिला एकदाही बसवून बघितलं नव्हतं.

“मावशी, हात तसाच ठेव,” म्हटलं. पेन्सिलीने तिच्या बोटांपाशी खूण केली. नव्या टाइल्स पुन्हा फोडल्या. शेठने आईबहीण काढली, ती ऐकून घेतली.

पुन्हा चार दिवसांनी मावशीने आतून दार लावलं. वहिनी आणि मी पायरीवर बसलो. आधी टबात पडणाऱ्या पाण्याचा जाड आवाज आला. मग तो पातळ झाला, पसरला. वहिनी उठू बघत होती, मी तिला बसा म्हटलं. आत मावशी काहीतरी गुणगुणत होती. शब्द कळत नव्हते. किती वेळ गेला कोण जाणे, मला तिथेच पेंग आली.

त्यानंतर कुठल्याही न्हाणीघरात मी पाना काढण्याआधी विचारतो, आंघोळ करणार कोण, आणि उभ्याने की बसून. लोक हसतात. हसू देत.

त्या दिवशी मावशीने छपरावरची सगळी टाकी रिकामी केली. कुसुमवहिनीने भांड्यांसाठी शेजारून दोन बादल्या पाणी मागून आणलं आणि सासूला एका शब्दाने बोलली नाही.