काकीने न गायलेले धवले

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही — आणि माझ्याविषयी तिला ठाऊक नसलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढं कारण पुरे.

मी खोटं बोललो का? इथेच अडतो. त्या दिवशी मी बोललेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. भिवंडीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. वाक्यं तपासून बोलायची सवयच होती. तरीही —

आधी काकीविषयी. आमचं गाव खारबावजवळ, आगऱ्यांचं. काशीकाकी माझी चुलती आणि गावाची धवलारीण. आमच्याकडे लग्न लागायचं ते धवले गाऊन, आणि ते गाणारी ही बाई. हळद दळण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला तोंडपाठ. नवरीच्या कानाशी बसून गायची. माझ्या लग्नात तिने माझ्या चष्म्यावर एक ओळ रचून घातली. सगळा मांडव हसला. मीही हसल्यासारखं केलं.

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या आसपास काकीच्या मानेत गाठी आल्या. मुंबईच्या इस्पितळात तुकडा काढून तपासला — लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. किरणांचे शेक दिले, गाठी बसल्या, काकी घरी आली. मानेची कातडी काळवंडलेली, आवाज जरा बसलेला, पण गाणारा. त्याच उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं, सुमनचं लग्न ठरलं.

“काकी न्हाय तं लगीन कसलं?” आई म्हणाली.

आता ज्याला वळसे घालतोय ते सांगतो. लग्नाला हेडमास्तर येणार होते, सगळे शिक्षक येणार होते, शाळा समितीचे अध्यक्ष येणार होते. अध्यक्ष म्हणजे यंत्रमागांवर श्रीमंत झालेले गृहस्थ; त्यांच्या प्रत्येक भाषणात ‘संस्कृती’ हा शब्द हार घालून यायचा. स्टाफरूममध्ये मी त्यांची नक्कल करायचो, लोक पोट धरून हसायचे. आणि त्याच माणसासमोर आमच्या मांडवात एक म्हातारी आगरी बोलीत विहिणीची थट्टा गाणार — याची मला लाज वाटत होती. रोगाची भीती नव्हती. भीती असती, तर निदान माणसासारखं काहीतरी असतं ते.

शाळेत येणाऱ्या एका इंग्रजी मासिकात एक लेख वाचला होता. आफ्रिकेतल्या मुलांना जबड्याचा लिम्फोमा होतो. त्याच्या पेशींत एक विषाणू सापडतो. तो विषाणू थुंकीतून पसरतो. इतर लिम्फोमांमागेही विषाणू असतील का, याचा शोध चालू आहे. हे सगळं मी ओटीवर बसून आईला सांगितलं. शेजारच्या बायका तांदूळ निवडत ऐकत होत्या, ते मला दिसत होतं. ‘थुंकी’ या शब्दावर जरा जोर दिला — वर्गात महत्त्वाच्या शब्दावर देतात तसा.

लेखाला शेवटचा परिच्छेद होता. हा विषाणू बहुतेक सगळ्यांच्याच अंगात लहानपणापासून गप्प पडून असतो. क्वचित कुणाला, वरचेवर येणाऱ्या हिवतापासारखं आणखी काही जोडीला आलं, तर गाठ होते. आणि गाठ एकाची दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे तो माझ्याही अंगात असणार, आईच्याही, अध्यक्षांच्याही. हे सांगायला किती वेळ लागला असता?

पुढच्या आठवड्यात काकीच्या जागी भटजी ठरला, लाउडस्पीकर ठरला.

लग्नाच्या आदल्या दिवशी काकी आली. मांडवात शिरली नाही. बाहेरच उभी राहिली, तोंडावर पदर धरून.

“बाला, तू शिकलेला हायस. मी लांब बसून गायलं, तं पोरीला काय व्हनार न्हाय ना माज्यामुलं?”

तिने प्रश्न विचारला होता, सरळ. उत्तर मला पाठ होतं. आणि मी काय म्हणालो?

“राहू दे काकी. जपलेलं बरं.”

“बराबर हाय,” ती म्हणाली. “पोर सुखात र्‍हावी.” तिने माझ्यावर विश्वास ठेवला. शिकलेला होतो ना.

लग्न थाटात झालं. अध्यक्षांनी चार शब्द बोलताना संस्कृतीचा उल्लेख केला. काकी समोरच्या तिच्या घराच्या पायरीवर बसली होती, तोंडावर पदर तसाच. पदर हलत होता. लाउडस्पीकरमुळे काय गात होती ते ऐकू आलं नाही.

त्यानंतर तिला कुठल्याच लग्नाला कुणी बोलावलं नाही. तिच्याजवळ गाणी शिकायला बसणाऱ्या पोरींना त्यांच्या आयांनी घरी बोलावून घेतलं. चहाचा पेला वेगळा झाला — आमच्या घरीसुद्धा. मी तो वेगळा ठेवलेला पाहिला आणि माझ्या पेल्यातला चहा प्यालो. पुढे गाठी परत आल्या. शेकांनी तिला मिळवून दिलेला मधला काळ तिने पायरीवर बसून काढला.

सुमन अजून तिच्या मुलींना सांगते, मामाचं वाचन होतं म्हणून मी वाचले. मी समोरच बसलेलो असतो.

कधीकधी माझ्या चष्म्यावरची ती ओळ आठवून पाहतो. चाल येते. शब्द येत नाहीत. गावात आता ते कुणालाच येत नाहीत.