मावशीचा बिनआवाजाचा कॉम्प्युटर

माझी मावशी घरी बसून टायपिंग करते. एवढंच सांगितलं की लोकांना वाटतं, पत्रंबित्रं टाइप करत असेल. तिचं काम निराळं आहे. कारखान्यात किंवा बांधकामावर अपघात झाला की चौकशी बसते, साक्षीदारांचे जबाब रेकॉर्ड होतात आणि ते ऐकून शब्दन्‌शब्द कागदावर उतरवायचं काम तिच्याकडे येतं. जबाब देताना माणसं पुटपुटतात, खोकतात, मधेच त्यांचा गळा दाटून येतो. मागे कुणीतरी खुर्ची सरकवतं. त्या सगळ्या गोंधळातून मावशी नेमका शब्द उचलते. सव्वीस वर्षं ती हे करते आहे. काम पाठवणाऱ्या ऑफिसात तिला कानवाल्या बाई म्हणतात. एखादं रेकॉर्डिंग कुणालाच लागेना की तिथल्या मुख्य बाई म्हणतात, कानवाल्या बाईंकडे पाठवून द्या. या नावाचा मावशीला अभिमान आहे, पण तसं ती कधी बोलून दाखवत नाही.

तर या कानवाल्या बाईंच्या हातून एक चूक झाली. एका इमारतीची परांची कोसळली तेव्हा वर सात माणसं होती, असं साक्षीदार म्हणाला होता. मावशीनं लिहिलं आठ. चौकशीवाले दोन दिवस त्या आठव्या माणसाचं नाव शोधत बसले. शेवटी कुणीतरी मूळ रेकॉर्डिंग पुन्हा लावून ऐकलं. मुख्य बाईंचा फोन आला, अगदी गोड आवाजात. होतं असं, पुढच्या वेळी जरा बघा, एवढंच त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मावशी म्हणते. पुढच्या तीन महिन्यांत आणखी दोन चुका निघाल्या. मग मावशी आवाज वाढवून ऐकायला लागली, एकेक वाक्य चारचारदा मागे घेऊन. संध्याकाळी हेडफोन काढला की डोकं भणभणायचं.

तिच्या मनात काय होतं ते कळायला आमच्या आजोबांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, सांगायला हवं. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचे कान गेले. सुरुवात कानात शिट्टी वाजण्यापासून झाली. ते म्हणायचे, रातकिडा शिरलाय. पण हे त्यांनी सांगितलं ते फार उशिरा. आधी दीड वर्ष कुणाला पत्ता लागू दिला नाही. एकदा मावशी दुकानात बसली असताना एका गिऱ्हाइकानं घड्याळ आणलं. आजोबांनी ते कानाशी धरलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, चालू आहे की. घड्याळ बंद होतं. काटा जागचा हललेला नव्हता. गिऱ्हाईक काही न बोलता घड्याळ घेऊन गेलं आणि मावशीनंही घरी कुणाला सांगितलं नाही.

आता मावशीलाच त्रेपन्नावं लागलं होतं.

कानाच्या डॉक्टरांचा नंबर तिनं एका चिठ्ठीवर लिहून घेतला आणि चिठ्ठी टेबलाच्या खणात टाकली. फोन काही केला नाही. त्याऐवजी तिनं कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. ते अगदीच खोटंही नव्हतं. तिचा कॉम्प्युटर म्हणजे काकांनी, तिच्या नवऱ्यानं, निवृत्त होताना ऑफिसातून आणलेला जुना डबा. आत तीन छोटे पंखे, तिन्ही खरखरणारे. दुपारी खोली तापली की त्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जायचा. कान पूर्ण झाकणारा हेडफोन मावशीला सोसत नाही, डोकं दुखतं, म्हणून ती हलका, उघडा हेडफोन वापरते. म्हणजे साक्षीदाराच्या एकेका शब्दाबरोबर या डब्याची घरघर तिला फुकटात ऐकावी लागायची. तिनं मनाशी ठरवलं, एक तर माझे कान गेलेत, नाहीतर हा डबा ओरडतोय. आधी डब्याचं बघू.

काका म्हणाले, तयार मिळतो तो आण आणि मोकळी हो. ती दुकानात गेली. दुकानदार भला माणूस, पण आवाजाचं विचारल्यावर तो गोंधळला. कॉम्प्युटर चालू आहे म्हटल्यावर आवाज येणारच, असं त्याचं म्हणणं. त्यानं एक चालू करून दाखवला, आणि दुकानात एवढी वर्दळ होती की तिथे सगळेच कॉम्प्युटर गप्प वाटत होते. मावशी रिकाम्या हातानं परतली आणि तिनं जाहीर केलं की आपला कॉम्प्युटर आपणच जोडायचा. काकांनी वर्तमानपत्र खाली केलं, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा वर केलं. शिलाई मशीन पूर्ण खोलून पुन्हा जोडणारी बाई आहे ही. तिला नको म्हणण्यात अर्थ नाही, हे त्यांना तीस वर्षांपूर्वीच कळलं होतं.

तीन आठवडे ती वाचत होती. रेघांची वही भरली. तिला एक गोष्ट पक्की समजली की आवाज मागाहून दाबण्यापेक्षा तो मुळात होऊच न दिलेला बरा. आवाज पंख्याचा, पंखा उष्णतेसाठी, तेव्हा उष्णताच कमी हवी. तिचं काम ऐकायचं आणि टाइप करायचं. त्याला दांडगा प्रोसेसर कशाला? तिनं कमी वीज खाणारा, मध्यम ताकदीचा निवडला. ग्राफिक्स कार्ड हवं ते खेळ खेळणाऱ्यांना, ते तिनं यादीतून काट मारून उडवलं. फिरणाऱ्या तबकडीची हार्ड डिस्क गुणगुणते, म्हणून आत काहीच न हलणारी एसएसडी घेतली. छोटा पंखा गरगर फिरून जेवढी हवा ढकलतो तेवढीच मोठा पंखा रमतगमत ढकलतो, म्हणून सगळे पंखे मोठे. प्रोसेसर थंड ठेवायला तिनं जो कूलर पसंत केला तो पावाच्या लादीएवढा होता. आणि पॉवर सप्लाय, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, असा निवडला की काम हलकं असेल तेव्हा त्याचा पंखा फिरतच नाही.

घोडं अडलं पेटीपाशी, म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं त्या कॅबिनेटपाशी. बाजूच्या पत्र्यांना आतून आवाज शोषणारा जाड नमदा लावलेली एक पेटी तिला आवडली होती. पण लादीएवढा कूलर तिच्यात मावेल का? आकडे बघितले तर मावत होता, अगदी काठाकाठानं. मावशीचा आकड्यांवर भरवसा नाही. तिनं चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून कूलरच्या मापाचा ठोकळा केला आणि पिशवीत घालून दुकानात नेला. मांडून ठेवलेली पेटी उघडायला लावली, आत ठोकळा ठेवला आणि झाकण लावून बघितलं. झाकण बसेना. खिळ्याच्या डोक्याएवढं अंतर कमी पडत होतं. दुकानदार आधी हसत होता, मग हसायचा थांबला. त्यानं आतून दुसरी, थोडी रुंद पेटी आणली. ठोकळा तिच्यात बसला. त्यानं तो ठोकळा ठेवून घेऊ का म्हणून विचारलं आणि मावशीनं तो देऊन टाकला.

पॉवर सप्लाय मात्र तिनं निवडलेला दुकानात नव्हता. तसलाच आहे हा, असं म्हणून दुकानदारानं दुसरा दिला. मावशी दमली होती. तिनं घेतला.

रविवारी जेवणं उरकल्यावर तिनं टेबल पुसून कोरडं केलं आणि सगळे भाग ओळीनं मांडले. काका स्क्रू सांभाळायला बसले, एकेका वाटीत वेगळे करून. मेमरीची पट्टी बसवताना इतका जोर लावावा लागतो की आता मोडणार असंच वाटतं. कट् असा आवाज आला तेव्हा मावशीनं हात मागे घेतला, पण तो आवाज पट्टी नीट बसल्याचा होता. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा वाटाण्याएवढा लेप, त्यावर कूलर. चार वाजता बटण दाबलं. काहीच झालं नाही. तिनं वही काढली, पहिल्यापासून एकेक वायर तपासली. प्रोसेसरला वीज देणारी जाड वायर लावायचीच राहिली होती. ती खोचली, पुन्हा बटण दाबलं आणि पडदा उजळला.

पंखे फिरत होते की नाही, हे बघायला तिला मागे हात धरावा लागला. तळव्याला वारा लागला तेव्हा खात्री पटली. खोलीत इतकी शांतता होती की बाहेरच्या जिन्यावरून कुणीतरी चढत होतं त्याच्या चपला ऐकू आल्या. काका शाबास म्हणून बाहेर पाय मोकळे करायला गेले.

ते गेले आणि मावशीला शिट्टी ऐकू आली.

बारीक, एकसुरी, कुठून येते ते न कळणारी. तिनं मान वळवली, तरी तेवढीच. खिडकी लावली, तरी तेवढीच.  इतके दिवस घरघरीखाली जे दबलं होतं ते आता उघडं पडलं, असं तिला वाटलं. रातकिडा. उठून बटण बंद करायचं आणि शिट्टी थांबते का बघायचं, एवढं सोपं काम होतं. पण थांबली नाही तर? ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

काका तासाभरानं आले तेव्हा ती ओल्या हातांनी कॉम्प्युटरसमोर बसली होती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या कानात शिट्टी वाजतेय."

"कधीपासून?"

"हा चालू केल्यापासून."

"मग बंद कर की."

"आणि बंद केल्यावरही वाजत राहिली तर?"

 आजोबांचं सगळं काकांना माहीत होतं. ते खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले, आणि मग गेल्या सहा महिन्यांचं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. सात आणि आठ, खणातली चिठ्ठी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी दाबू का?"

"नको. मीच दाबते."

तिनं दाबलं. पडदा काळा झाला. आणि शिट्टी थांबली.

मावशी श्वास रोखून बसली. काहीच नाही. तिनं पुन्हा चालू केला, शिट्टी आली. बंद केला, गेली. सहा वेळा तिनं असं केलं. सहाव्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. रातकिडा त्या नव्या पॉवर सप्लायच्या पोटात होता. काकांनी पेटीला कान लावला, मग दुसरा कान लावला, आणि म्हणाले, "कुठे आहे शिट्टी? मला तर काहीच ऐकू येत नाही."

आता चकित व्हायची पाळी मावशीची होती.

दुसऱ्या दिवशी ती पॉवर सप्लाय घेऊन दुकानात गेली. दुकानदारालाही काही ऐकू येईना. बाईंना भास होतोय, असं तो तोंडानं म्हणाला नाही, पण चेहऱ्यावर तेच होतं. मावशीनं हट्ट धरला तेव्हा त्यानं मागच्या गोदामात, दार लावून, तो एका कॉम्प्युटरला जोडला आणि दुरुस्ती करणाऱ्या मुलीला हाक मारली. ती हातातलं काम टाकून आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वाजतोय की हा. बाई बरोबर सांगताहेत." काही पॉवर सप्लायांच्या आतली तारेची वेटोळी अशी वाजतात आणि हा बारीक सूर सगळ्यांना लागत नाही, असं तिनं समजावलं. मावशीनं आधी निवडला होता तोच दुकानदारानं मागवून दिला. तो आठवड्यात आला, आणि तो गप्प आहे.

मग मावशीनं ऑफिसातून ते परांचीचं रेकॉर्डिंग पुन्हा मागून घेतलं. आवाज निम्म्यावर ठेवला, डोळे मिटले. साक्षीदार म्हणत होता, सात. त्यात शंकेला जागा नव्हती. आकडा सांगण्याआधी तो थोडा थांबला होता, तेही तिला या वेळी ऐकू आलं.

त्या धीरावर तिनं खणातली चिठ्ठी काढली आणि फोन केला. कानाच्या डॉक्टरांकडे ती आणि काका दोघंही गेली. मावशीच्या डाव्या कानाला किंचित कमी ऐकू येतं असं निघालं, वयाला धरून, काळजीचं काही नाही. दर वर्षी दाखवत जा, म्हणाल्या डॉक्टर. काकांच्या तपासणीच्या आलेखातली रेघ मात्र निम्म्यानंतर घसरगुंडीसारखी खाली गेली होती. ते म्हणत राहिले की मला सगळं ऐकू येतं, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. आता त्यांच्या कानात मशीन आहे. पहिल्या दिवशी ते वर्तमानपत्राचं पान उलटल्याच्या आवाजानं दचकले.

हे सगळं मावशीनं नंतर माझ्या आईला फोनवर सांगितलं. आई तिची धाकटी बहीण. मी शेजारी बसले होते. आई बराच वेळ नुसती हं हं करत होती. मग म्हणाली, "ताई, मीही गेले होते. गेल्या वर्षी. कान तपासून घेतले."

 पलीकडून मावशीनं विचारलं असावं, काय निघालं, कारण आई म्हणाली, "काही नाही गं. चांगले आहेत."

मग सांगायचं नाही का, असं मावशी ओरडली, ते मलाही ऐकू आलं.

"तू कुठे सांगितलंस?" आई म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या. त्यानंतर त्या तासभर आजोबांबद्दल बोलत होत्या.